रंगाची दुरुस्ती: कॅमेऱ्याची वेगळी, प्रसंगाची वेगळी

लग्नाचं शूटिंग तीन कॅमेऱ्यांनी झालेलं असतं. टाइमलाइनवर व्ही१वर मुख्य कॅमेरा, व्ही२वर हातातला, व्ही३वर ड्रोन आणि त्याहून वर नावांच्या पट्ट्या नि स्टुडिओचा लोगो. कापाकापी संपते आणि मग लक्षात येतं, की भटजींचं उपरणं एका कॅमेऱ्यात पांढरं आहे, दुसऱ्यात निळसर आणि तिसऱ्यात पिवळट. वाचकांचा नेहमीचा प्रश्न इथेच सुरू होतो: शेकडो तुकडे आहेत, प्रत्येकावर कलर करेक्शन टाकत बसायचं, की सगळ्या ट्रॅकवर एकदम टाकायची काही सोय असते?

सोय असते, आणि ती जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. पण बहुतेकांचं काम बिघडतं ते या ‘एकदम’मुळेच. तीन कॅमेऱ्यांचे रंग तीन दिशांना गेलेले असताना वरून एकच दुरुस्ती टाकली, तर तिन्ही एकाच बाजूला सरकतात आणि त्यांच्यातला फरक तसाच राहतो. निळसर उपरणं पांढरं होतं, पण पांढरं होतं ते पिवळं पडतं आणि पिवळट होतं ते आणखी पिवळं. म्हणून ‘एकदम कसं टाकू’ याच्या आधी ‘काय एकदम टाकू’ हे ठरवा.

आधी दोष कुणाचा, ते ओळखा

टाइमलाइनवर दिसणाऱ्या रंगाच्या तक्रारी तीन जातींच्या असतात.

- कॅमेऱ्याची तक्रार. तो कॅमेरा सगळ्या प्रसंगांत सारखाच हिरवट किंवा सारखाच निस्तेज दिसतो. सेटिंग वेगळं, कंपनी वेगळी, लेन्स वेगळी, कारण काहीही असो. ही तक्रार त्या कॅमेऱ्याबरोबर फिरते.
- जागेची तक्रार. कार्यालयात सगळेच कॅमेरे पिवळे आणि बाहेर मांडवात सगळेच निळे. हॅलोजनचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, दिवसाचा साधारण ५६०० केल्विनचा. कॅमेरे एकसारखे लावलेले असतील, तर तेही एकसारखेच चुकतात.
- लूक. यात कुणाचा दोष नसतो, ही तुमची किंवा ग्राहकाची आवड. थोडी ऊब, थोडा मऊपणा, सावल्यांत किंचित निळा.

पहिली तक्रार त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या तुकड्यांवर दुरुस्त करायची, दुसरी त्या प्रसंगापुरती सगळ्या ट्रॅकवर, आणि तिसरी सगळ्यात शेवटी, सगळ्यांवर. हे एवढं कागदावर लिहून घेतलंत तरी निम्मा गोंधळ संपतो.

ओळखायची युक्ती साधी आहे. मंगलाष्टकं चालू असतानाचा एकच क्षण तिन्ही कॅमेऱ्यांत शोधा आणि अंतरपाट पाहा. पांढरं कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. लग्नाच्या फुटेजमध्ये याहून चांगला संदर्भ मिळत नाही. तिन्हींत अंतरपाट एकाच छटेचा असेल, तर तक्रार जागेची. तिन्हींत वेगवेगळा असेल, तर कॅमेऱ्यांची. कापड जुनं, सायीच्या रंगाचं असलं तरी बिघडत नाही, कारण तुम्ही तिन्हींची आपसांत तुलना करत आहात.

हात लावण्यापूर्वी

खिडकीतला ऊन-सावलीचा खेळ पडद्याआड ठेवा. संगणकातला नाइट लाइट, आयमॅकवर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन बंद करा. रात्री काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या निळसर व्हिडिओंचं मूळ तिथेच असतं. आणि स्कोप उघडा. डोळा दहा मिनिटांत कुठल्याही रंगाला सरावतो, स्कोप सरावत नाही. तीनच गोष्टी पाहायच्या: वेव्हफॉर्ममध्ये उजेड, आरजीबी परेडमध्ये लाल-हिरवा-निळा यांचा तोल, व्हेक्टरस्कोपमध्ये रंगाची दिशा आणि तीव्रता. परेडमध्ये खरोखर पांढऱ्या अंतरपाटाच्या जागी तिन्ही रंग एका उंचीवर आले, की पांढरा पांढरा झाला.

दुरुस्ती टाकायच्या पाच जागा

१. क्लिप. टाइमलाइनवरच्या एका तुकड्यावर. नेमकी, पण शेकडो वेळा करावी लागते.

२. मूळ फाइल. बिनमधल्या मूळ फाइलवर टाकलेली दुरुस्ती त्या फाइलच्या टाइमलाइनवरच्या प्रत्येक तुकड्याला लागते, तो कुठल्याही ट्रॅकवर असो. कॅमेऱ्याच्या तक्रारीसाठी हीच योग्य जागा.

३. ट्रॅक. काही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण ट्रॅकलाच इफेक्ट लावता येतो. प्रत्येक कॅमेरा शेवटपर्यंत आपापल्या ट्रॅकवर राहिला असेल, तर याइतकी सोपी वाट नाही. प्रत्यक्षात मात्र एडिट करताना तुकडे वरखाली होतात, ड्रोनचा एखादा शॉट व्ही१वर येऊन बसतो आणि त्याला भलत्याच कॅमेऱ्याची दुरुस्ती लागते. ही वाट घ्यायची असेल, तर शिस्त एडिटच्या पहिल्या दिवसापासून हवी.

४. वरचा थर, म्हणजे ॲडजस्टमेंट लेयर किंवा ॲडजस्टमेंट क्लिप. खालच्या सगळ्या ट्रॅकना लागतो, पण त्याच्या लांबीपुरताच. जागेच्या तक्रारीसाठी.

५. आउटपुट. पूर्ण टाइमलाइनवर, अगदी शेवटी. लूकसाठी.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठे सापडेल

प्रीमियर प्रो. टाइमलाइनवरची क्लिप निवडली, की इफेक्ट कंट्रोल्स आणि लुमेट्री कलर या पॅनेलांच्या माथ्यावर दोन नावं दिसतात. डावीकडचं मूळ फाइलचं, उजवीकडचं सीक्वेन्समधल्या तुकड्याचं. बहुतेक जण आयुष्यभर उजवीकडेच काम करतात. डावीकडच्या नावावर क्लिक करून लुमेट्री लावा, त्या फाइलचे सगळे तुकडे एका दमात बदलतील.

यात एक मेख आहे. बरेच कॅमेरे लांब रेकॉर्डिंगच्या अनेक फाइली करतात. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीला फाइल तुटते, आणि जुने डीएसएलआर कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत थांबत. तुमच्या दृष्टीनं तो एकच कॅमेरा, पण प्रीमियरच्या दृष्टीनं प्रत्येक फाइल वेगळी. म्हणून एका फाइलवर दुरुस्ती जमवा, तिचा लुमेट्री प्रीसेट म्हणून जतन करा आणि बिनमध्ये त्या कॅमेऱ्याच्या बाकी फाइली एकत्र निवडून त्यांच्यावर तो ओढा.

मल्टिकॅम वापरत असाल, तर याहूनही बरं. मल्टिकॅम सीक्वेन्स टाइमलाइनमध्ये उघडा. आत प्रत्येक कॅमेरा आपापल्या ट्रॅकवर अखंड पसरलेला दिसेल. तिथे दुरुस्ती केली, की बाहेर तुम्ही मारलेल्या प्रत्येक कटमध्ये ती आपोआप पोहोचते.

प्रसंगासाठी फाइल मेनूतून नवा ॲडजस्टमेंट लेयर बनवा, चित्रांच्या वर पण पट्ट्यांच्या खाली एका ट्रॅकवर ठेवा आणि त्याला लुमेट्री लावा. परिणाम जास्त वाटला, तर लुमेट्रीतले आकडे बिघडवू नका, लेयरची ओपॅसिटी कमी करा. सुट्या तुकड्यांसाठी कॉपी करून पेस्ट ॲट्रिब्यूट्स आहेच. विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही. पेस्ट करताना येणाऱ्या खिडकीत फक्त लुमेट्रीवर खूण ठेवा, नाहीतर मोशन आणि स्केलही चिकटतात आणि सगळे शॉट एका मापात झूम होतात.

दाविंची रिझॉल्व्ह. या कामासाठी माझं मत स्पष्ट आहे: अनेक कॅमेरे असतील आणि संगणकाला पेलवत असेल, तर रंगासाठी इथेच या. विनामूल्य आवृत्तीतही हे सगळं मिळतं. एडिट करतानाच प्रत्येक कॅमेऱ्याला एक क्लिप कलर द्या. कलर पेजवर गेल्यावर त्या रंगाच्या क्लिप वेगळ्या काढा, सगळ्या निवडा आणि राइट क्लिक करून त्यांचा नवा ग्रुप बनवा. मग नोडच्या खिडकीत चार पातळ्या दिसतील: प्री-क्लिप, क्लिप, पोस्ट-क्लिप आणि टाइमलाइन. प्री-क्लिपमध्ये कॅमेऱ्याची दुरुस्ती करा, ती ग्रुपमधल्या सगळ्यांना लागते. क्लिपमध्ये एखाद्या शॉटचा हट्ट पुरवा. लूक टाइमलाइन पातळीवर ठेवा. प्रसंगासाठी एडिट पेजवरच्या इफेक्ट्समधून ॲडजस्टमेंट क्लिप ओढून वरच्या ट्रॅकवर टाका. २०१९ साली आलेल्या १६व्या आवृत्तीपासून ती आहे.

एक क्लिप एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहते, म्हणून ग्रुप कॅमेऱ्याचे करायचे की प्रसंगाचे, हे आधीच ठरवा. माझा कौल कॅमेऱ्याच्या बाजूनं.

एडियस. आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंत अजूनही भरपूर चालणारं सॉफ्टवेअर. इथे एका क्लिपवर कलर बॅलन्स किंवा वाययूव्ही कर्व्ह जमवा, मग त्या कॅमेऱ्याचे बाकी तुकडे निवडून इन्फॉर्मेशन पॅलेटमधला तो फिल्टर त्यांच्यावर ओढून टाका. प्रसंगासाठी त्या प्रसंगाचा वेगळा सीक्वेन्स करा, तो मुख्य टाइमलाइनवर एका क्लिपसारखा ठेवा आणि त्याला फिल्टर लावा. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे सीक्वेन्स पहिल्यापासून वेगळे ठेवणाऱ्यांचं काम इथे निम्म्यावर येतं.

वेगस प्रो. पातळ्या सगळ्यात स्वच्छ इथे आहेत: मीडिया, इव्हेंट, ट्रॅक आणि व्हिडिओ आउटपुट. ट्रॅकच्या डोक्यावर इफेक्टचं बटण आहे, प्रीव्ह्यू खिडकीच्या वर आउटपुटचं. कॅमेऱ्यासाठी मीडिया वापरा.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट. दोन्ही विनामूल्य. केडेनलाइव्हमध्ये इफेक्ट ट्रॅकच्या डोक्यावर ओढला, की पूर्ण ट्रॅकला लागतो आणि मास्टरवर टाकला, की सगळ्यांना. शॉटकटमध्ये ट्रॅकच्या डोक्यावर किंवा आउटपुटवर क्लिक करून फिल्टर जोडा.

क्रम चुकवू नका

खालून वर जायचं. आधी कॅमेरे एकमेकांशी जुळवा, मग प्रसंग सरळ करा, मग लूक. लूक आधी टाकून त्याखाली कॅमेरे जुळवायला बसलात, तर दोन दिवसांनी ग्राहक म्हणतो, ‘एवढा पिवळा नको,’ आणि लूक काढल्याबरोबर खालचं सगळं जुळवलेलं विसकटतं.

लॉगमध्ये शूट केलेलं फुटेज असेल (सोनीचं एस-लॉग३, कॅननचं सी-लॉग, ड्रोनचं डी-लॉग), तर ते आधी साध्या एचडीच्या रंगात, म्हणजे रेक. ७०९मध्ये आणावं लागतं. त्यासाठीची लट (LUT, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल) प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी असते. ती कधीही वरच्या सामाईक थरावर टाकू नका. सोनीची लट ड्रोनच्या फुटेजला लागली, तर त्याचे रंग बिघडतात. लट लावण्याआधी उजेड दुरुस्त करा, कारण लटनं कापून टाकलेला ढगांचा तपशील नंतर परत मिळत नाही. प्रीमियरमध्ये त्यासाठी एकाच क्लिपवर दोन लुमेट्री लावावेत: पहिल्यात एक्स्पोजर, दुसऱ्यात लट.

वरच्या थराचे खड्डे

सगळ्यात जास्त पत्रं याबद्दल येतात, म्हणून जरा सविस्तर.

पट्ट्या आणि लोगो. थर आपल्या खालचं सगळं बदलतो, नावांच्या पट्ट्यासुद्धा. एका कीर्तन महोत्सवाच्या चित्रीकरणात मी लूकचा थर सगळ्यात वर ठेवला होता. आयोजकांच्या चिन्हातला भगवा त्यामुळे विटकरी झाला आणि पूर्ण सात दिवसांचं काम पुन्हा रेंडर करावं लागलं. तेव्हापासून माझ्या टाइमलाइनवर क्रम पक्का आहे: चित्र खाली, दुरुस्तीचा थर मध्ये, अक्षरं नि चिन्हं वर. रिझॉल्व्हच्या टाइमलाइन पातळीवरची दुरुस्ती अक्षरांनाही लागते, हे लक्षात ठेवा. चिन्हाचा रंग नेमका हवा असेल, तर लूक ॲडजस्टमेंट क्लिपवर घ्या आणि अक्षरं त्याच्या वर.

काळा काळा राहत नाही. हल्लीच्या बऱ्याच लूकमध्ये सावल्या उचललेल्या असतात, काळा थोडा राखाडी केलेला असतो. असा थर वर असताना खाली काळ्यात विरणारा फेड असेल, तर तो राखाडीवरच थांबतो. वरखाली काळ्या पट्ट्या लावल्या असतील, त्याही राखाडी होतात. पट्ट्या थराच्या वर न्या, आणि फेडच्या ठिकाणी थर कापा किंवा फेड थराच्या वरच्या ट्रॅकवर करा.

चौकटीतली चौकट. मोठ्या चित्रात कोपऱ्यात छोटं चित्र असेल आणि दोन्ही वेगळ्या कॅमेऱ्यांची असतील, तर वरचा थर त्यांतला फरक उलट ठळक करतो. तिथे आधी मूळ फाइल पातळीवर जुळणी हवीच.

दोनदा लागलेली दुरुस्ती. मूळ फाइलवर एकदा, तुकड्यावर पुन्हा. चेहरे अचानक नारिंगी दिसू लागले, तर तेवढाच तुकडा निवडून दोन्ही पातळ्या तपासा.

कटवर उडी. थराची टोकं खालच्या कटशी फ्रेमला फ्रेम जुळवा. एक फ्रेम कमी पडली तरी प्रेक्षकाला लखकन काहीतरी चमकल्यासारखं वाटतं. खाली डिझॉल्व्ह असेल, तर थरालाही तेवढ्याच लांबीचा डिझॉल्व्ह द्या.

८ बिटचं फुटेज. आकाश किंवा कार्यालयाची सपाट रंगवलेली भिंत असेल आणि तुम्ही तीन पातळ्यांवर तीनदा रंग ताणला असेल, तर पट्टे उठतात. तीन पातळ्या म्हणजे तीनदा ताणण्याची मुभा नव्हे. प्रत्येक ठिकाणी हलका हात ठेवा.

ऑटो व्हाइट बॅलन्सनं केलेली पंचाईत

यावर कुठलीही पातळी पुरेशी पडत नाही, म्हणून वेगळं सांगतो. कॅमेरा ऑटोवर असला, की नवरीच्या पिवळ्या अष्टपुत्रीवरून नवऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर वळताना रंग त्याच शॉटच्या आत बदलतो. अशा शॉटला मूळ फाइलवरची एकच दुरुस्ती लागू पडत नाही. जिथे रंग बदलतो तिथे क्लिप कापून दोन भागांवर वेगळी दुरुस्ती करून मध्ये छोटा डिझॉल्व्ह द्या, किंवा तापमानाच्या स्लायडरला दोन कीफ्रेम द्या. वेळ जातो, दुसरा इलाज नाही.

हळदीचा प्रसंग त्याहून नाजूक. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक तिरकी रेष असते, साधारण घड्याळातल्या अकराच्या दिशेला. गोरा, गव्हाळ, सावळा, कुठलाही चेहरा योग्य रंगात असला, तर त्याच रेषेच्या आसपास पडतो. फरक असतो उजेडाचा आणि तीव्रतेचा. म्हणून एरवी चेहरे त्या रेषेवर आणणं योग्यच. पण हळद लागलेला चेहरा त्या रेषेवर आणू नका. तो पिवळ्याच्या बाजूला झुकलेलाच असायला हवा. ऑटो मॅचचं बटण दाबलं, की सॉफ्टवेअर हळदीला दोष समजून पुसून टाकतं आणि नवरी आजारी असल्यासारखी फिकट दिसते. तिथे संदर्भ म्हणून हळद न लागलेला एखादा करवलीचा चेहरा, पांढरा पाट किंवा तांब्या-ताटाजवळचं पांढरं कापड घ्या, ते सरळ करा आणि हळद जशी येईल तशी येऊ द्या. तोच नियम हिरव्या चुड्याला: हिरवट झाक काढायच्या नादात चुडा करडा झालेला चालणार नाही.

सावळ्या चेहऱ्यांबद्दलही एक विनंती. वेव्हफॉर्मवर सगळे चेहरे एका उंचीवर आणायचा प्रयत्न करू नका. नवरा-नवरीच्या रंगात फरक असेल, तर तो तसाच ठेवा. त्वचा उजळ करून देणं हे कलर करेक्शन नाही, आणि ग्राहकानं न मागता ते करणं तर मुळीच बरोबर नाही.

ग्राहकाशी बोलताना

पूर्ण व्हिडिओ रंगवण्याआधी प्रत्येक प्रसंगातला एकेक शॉट घेऊन मिनिटभराचा नमुना पाठवा आणि लेखी होकार घ्या. बदल किती वेळा करून देणार, हेही आधी लिहा. लूक वेगळ्या थरावर असेल, तर ग्राहकाचं ‘जरा कमी करा’ हे पाच मिनिटांचं काम राहतं.

मूळ फुटेजवर रंग कायमचा लावून जुन्या फाइली पुसू नका. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करून घेणारा असतो. म्हणजे लग्नघर. तुम्हाला हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल किंवा रॉ डेटा किती दिवस सांभाळणार हे ठरवायचं असेल, तर ते ऑर्डर घेतानाच्या कागदावर हवं. विकत घेतलेल्या लूकची लट दुसऱ्या स्टुडिओला वाटण्याआधीही तिच्या परवान्यातल्या अटी वाचा.

पुढच्या शूटिंगला जाताना

एक ग्रे कार्ड सोबत न्या. तिन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एकाच केल्विनवर कुलूपबंद करा, आणि जागा बदलली, की प्रत्येक कॅमेऱ्यापुढे ते कार्ड पाच सेकंद धरा. ड्रोनलाही उडवण्याआधी दाखवा. एवढं केलंत, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये राखाडी रंगाची एक खात्रीची जागा मिळेल आणि तिन्ही ट्रॅक जुळवायला तुम्हाला अंतरपाट शोधत बसावं लागणार नाही.